चवेणी (रानकेळ) बियांपासून कशी वाढवावी : ठाणे आणि नवी मुंबईसाठी टप्प्याटप्प्याने

घरच्या केळीला जी वागणूक मानवते तीच चवेणीला दिली, की चवेणी कुजते. ठाण्यातल्या गच्च्यांवर आणि नवी मुंबईतल्या बंगल्यांच्या आवारात लावलेली बहुतेक रोपे दुसऱ्या-तिसऱ्या हिवाळ्यात जातात ती याच कारणाने. पाने पिवळी पडू लागली, की पाणी वाढवले जाते, वर खत घातले जाते, आणि कंद आतून सडतो. काही ठिकाणी उलटे होते. पाने पूर्ण वाळल्यावर झाड मेले असे समजून जिवंत कंद उपटून कचऱ्यात टाकला जातो. चवेणी ही सह्याद्रीच्या कातळावर वाढणारी, पावसाळ्यात पाने धरणारी आणि कोरड्या महिन्यांत कंदावर निभावणारी वनस्पती आहे. पुढचे सगळे टप्पे या एका गोष्टीभोवती फिरतात, म्हणून ते क्रमाने वाचावेत आणि एखादा टप्पा गाळून पुढे जाऊ नये.

टप्पा १ : जे लावत आहोत ते चवेणीच आहे याची खात्री

चवेणीला कवदर असेही म्हणतात आणि तिचे शास्त्रीय नाव एन्सेटे सुपर्बम आहे. रोपवाटिकांत ‘रानकेळ’ या नावाखाली बरेच काही विकले जाते. गुलाबी फळांची शोभेची केळ, जांभळट केळफुलाची बागेतली केळ, आफ्रिकेतील एन्सेटेची लालसर पानांची जात अशी ती रोपे असतात. ती वाईट नाहीत, पण त्यांची निगा वेगळी असते.

ओळखीच्या तीन खुणा पाहाव्यात. चवेणीचे खोड बुंध्याशी चांगलेच फुगलेले असते आणि त्यावर गळून गेलेल्या पानांचे वण एकमेकांना चिकटून दाटीने दिसतात. तिला बाजूने पिले फुटत नाहीत, त्यामुळे ज्या कुंडीत मुख्य रोपाभोवती चार पिले आली आहेत त्या कुंडीत चवेणी नाही. तिसरी खूण बियांची. चवेणीचे बी काळपट तपकिरी, वेडेवाकडे गोलसर, कठीण कवचाचे आणि साधारण ८ ते १२ मिलिमीटर असते. इतर रानकेळींचे बी याच्या जवळजवळ निम्मे असते.

पिले नाहीत, याचाच अर्थ चवेणीची लागवड बियांपासूनच करावी लागते. ‘पील मिळेल का?’ असा प्रश्न आला, की विचारणाऱ्याच्या मनात अजून बागेतली केळच आहे असे समजावे.

टप्पा २ : बी मिळवणे आणि पारखणे

सावधान : येऊरचा डोंगर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतो आणि कर्नाळा हे अभयारण्य आहे. अशा ठिकाणांहून रोप, कंद किंवा बी उचलणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. इतर डोंगरउतारांवरही बराच भाग वनखात्याच्या ताब्यात असतो, तेव्हा ‘इथे तर कुणी नाही’ हा युक्तिवाद चालत नाही. शिवाय कपारीतून उपटलेला मोठा कंद शहरात क्वचितच तगतो. मुरबाड-शहापूरकडे ज्यांच्या खासगी जमिनीवर चवेणी आहे असे शेतकरी, देशी झाडांच्या रोपवाटिका आणि आधीपासून झाड वाढवणारी मंडळी हे बी मिळवण्याचे सरळ मार्ग आहेत.

फळ मिळाले तर ते पिवळसर पडून मऊ झाल्याशिवाय फोडू नये. गर थोडाच असतो आणि तो बियांना घट्ट चिकटलेला असतो. बी पाण्यात चोळून, गाळणीत घासून पूर्ण स्वच्छ करावे, कारण उरलेल्या गरावर बुरशी धरते आणि मुंग्याही लागतात. नंतर सावलीत कागदावर दोन-तीन दिवस सुकवावे. उन्हात किंवा पत्र्यावर वाळवू नये. फळ फोडताना जुने कपडे घालावेत. केळीच्या चिकाचा डाग जात नाही, आणि चवेणीही त्याला अपवाद नाही.

विकतचे बी जुने असण्याची शक्यता बरीच असते, म्हणून पेरण्याआधी दोन परीक्षा घ्याव्यात. पहिली पाण्याची : बी पाण्यात टाकून रात्रभर ठेवावे आणि सकाळी तरंगणारे वेगळे काढावे. ही परीक्षा ढोबळ आहे. बुडालेले प्रत्येक बी उगवतेच असे नाही, पण तरंगणारे बहुधा पोकळ असते. दुसरी परीक्षा खर्चिक असली तरी जास्त खरी : मूठभर बियांतले एक-दोन बी पक्कडीने किंवा अडकित्त्याने फोडून पाहावे. आत पांढराशुभ्र, पिठूळ, कवचाला लागून भरलेला गर असेल तर माल ताजा आहे. गर आक्रसलेला, पिवळट-करडा किंवा बुरसट वासाचा असेल तर उरलेल्या बियांवर सहा महिने पाणी घालत बसण्यात अर्थ नाही.

टप्पा ३ : माती आधी, पेरणी नंतर

बी भिजत घातल्यावर मातीची शोधाशोध सुरू करणे ही नेहमीची चूक आहे. माती आठवडाभर आधी तयार करून ठेवावी.

पेरणीसाठी जाड वाळू किंवा चाळलेला बारीक मुरूम दोन भाग, लाल माती एक भाग आणि पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत एक भाग असे मिश्रण घ्यावे. नुसते कोकोपीट वापरू नये. ते वरून कोरडे दिसते आणि आत ओले राहते, त्यामुळे पाण्याचा अंदाज चुकतो. समुद्राची किंवा खाडीची वाळू अजिबात घेऊ नये. नवी मुंबईत घराशेजारची माती उचलतानाही सावध राहावे. अनेक नोडमध्ये (नियोजित वसाहतींत) भराव टाकून जमीन केलेली आहे, आणि खाडीलगतच्या भागात माती खारट लागते. अशा मातीच्या पृष्ठभागावर सुकल्यावर पांढुरकी पापडी दिसते, ती दिसली तर ती माती वापरू नये.

कुंडी १५ सेंटिमीटर तरी खोल असावी आणि तळाला एकाऐवजी चार-पाच भोके असावीत. सीडलिंग ट्रेचे उथळ खण उपयोगाचे नाहीत, कारण पहिले मूळ जाड असते आणि ते सरळ खाली जाते.

तपासणी : मिश्रण कुंडीत भरून तांब्याभर पाणी ओतावे. पाणी मिनिटभरात तळातून बाहेर यायला हवे. वर तळे साचून राहिले तर मुरूम वाढवावा आणि पुन्हा तपासावे.

टप्पा ४ : भिजवणे आणि पेरणे

फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते मार्च हा काळ आपल्याकडे सर्वांत सोयीचा. दिवसा ऊन तापलेले आणि रात्री अजून गारवा, हा फरक रानकेळींच्या बियांना उगवायला मदत करतो. शिवाय एप्रिल-मेपर्यंत कोंब आले, तर रोपांना अख्खा पावसाळा मिळतो. जुलैत पेरलेले बी सततच्या ओलीत कुजते, आणि कुजले नाही तरी हिवाळ्याच्या तोंडावर कोवळे रोप हाती येते.

बी कोमट पाण्यात दोन दिवस भिजवावे आणि दर बारा तासांनी पाणी बदलावे. उकळते पाणी ओतण्याचा सल्ला हमखास ऐकायला मिळतो, तो मानू नये. कवच घासण्याबाबत माझे मत असे, की ताज्या बियांना त्याची गरज नाही. जुन्या बियांच्या बाबतीत घासायचेच असेल, तर बियाच्या एका टोकाला जो खोलगट खळगा असतो त्याला हात लावू नये. अंकुर त्याच्या आतच असतो आणि कोंबही तिथूनच बाहेर पडतो. पॉलिश पेपर चालवायचा तो विरुद्ध बाजूला, आणि तोही काळा थर फिका होईपर्यंतच.

पेरताना बी दीड ते दोन सेंटिमीटर खोल, खळगा बाजूला येईल असे आडवे ठेवावे. एका कुंडीत एकच बी पेरणे उत्तम. जागा नसेल तर दोन बियांत चार बोटे अंतर ठेवावे. वरून मुरमाचा पातळ थर द्यावा आणि कुंडीवर पेरणीची तारीख लिहून ठेवावी. कुंडी अशा ठिकाणी असावी जिथे सकाळपासून दुपारपर्यंत ऊन लागेल. काँक्रीटच्या कठड्यावरची उष्णता इथे कामी येते, मात्र कुंडी तारेने बांधून ठेवावी. कठड्यावरची सुटी कुंडी खाली कुणाच्या डोक्यावर पडू शकते.

मातीचा वरचा पेरभर थर सुकला, की झारीने पाणी द्यावे. मातीत ओल असावी, चिखल नसावा. उंदीर आणि खारी बी उकरून नेतात, म्हणून कुंडीवर जाळीचा तुकडा बांधावा.

टप्पा ५ : उगवण आणि पहिला पावसाळा

इथे धीर सुटतो. काही बी तीन-चार आठवड्यांत उगवते, काही दोन-तीन महिने घेते, आणि एकाच फळातले बी एकाच वेळी उगवेल अशी अपेक्षा ठेवू नये. ‘काय चालले आहे ते पाहू’ म्हणून बी उकरून पाहणे ही या टप्प्यातली सर्वांत महागडी चूक. नुकतेच सुटलेले मूळ तुटले, तर त्या बियाला दुसरी संधी नसते. पेरणीच्या कुंड्या पुढच्या दिवाळीपर्यंत तरी रिकाम्या करू नयेत.

कोंब सुईसारखा वर येतो आणि त्यातून पहिले पान उलगडते. तीन पाने झाली, की रोप मातीच्या गोळ्यासह १० ते १२ इंची कुंडीत हलवावे. बुंधा पूर्वी जितका मातीत होता तितकाच ठेवावा. आधार मिळावा म्हणून खोलवर पुरण्याचा मोह होतो, पण मातीखाली गेलेला बुंधा पावसाळ्यात कुजतो. रोप डुगडुगत असेल तर बाजूला काडी रोवावी.

जून-जुलैत कोवळ्या रोपाला मुसळधार पावसाचा थेट मारा नको. छज्जाखाली, पण उजेडात ठेवावे. पावसाळ्यात ठाणे-नवी मुंबईत मोठ्या आफ्रिकी गोगलगायींचा सुळसुळाट असतो. त्या रात्रीतून रोपाचा शेंडा फस्त करतात. टॉर्च घेऊन रात्री नऊच्या पुढे हातमोज्यांनी वेचून मिठाच्या पाण्यात टाकणे, हा सर्वांत खात्रीचा उपाय. मीठ थेट कुंडीभोवती पसरू नये, ते पावसाने मुळांपर्यंत जाते.

टप्पा ६ : कायमची जागा

एका पावसाळ्यानंतर नव्हे, तर दुसऱ्या पावसाळ्याच्या सुरुवातीला रोप कायमच्या जागी लावावे. तोवर बुंध्याला थोडा फुगवटा आलेला असतो.

*जमिनीत लावताना.* उताराची जागा असेल तर तीच निवडावी. सपाट आवारात दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घेऊन तो आधी पाण्याने भरावा. तीन-चार तासांत पाणी उतरले नाही, तर तिथे खड्ड्यात लावणे म्हणजे रोप बुडवणे. अशा ठिकाणी जमिनीवर दीड-दोन फूट उंच वरंबा करावा. त्यासाठी दगड-खडी, मुरूम आणि लाल माती समप्रमाणात घ्यावी. काळ्या दगडाचे तुकडे बिनधास्त मिसळावेत, या झाडाचे मूळ घरच कातळाची कपार आहे. केळीला करतात तसे पाणी धरणारे आळे इथे करू नये. माती बुंध्यापासून बाहेर उतरती असावी.

*गच्चीवर लावताना.* शेवटची कुंडी म्हणून २०० लिटरचा ड्रम आडवा कापून केलेला अर्धा भाग पुरतो. ओल्या मातीसह त्याचे वजन दीडशे किलोच्या पुढे जाते, म्हणून तो स्लॅबच्या मध्यावर न ठेवता खाली तुळई किंवा खांब असेल तिथे ठेवावा आणि सोसायटीची लेखी परवानगी आधी घ्यावी. ड्रम विटांवर उचलून ठेवला, की तळाची भोके बुजत नाहीत आणि वॉटरप्रूफिंगवरून वादही होत नाहीत.

पूर्ण वाढलेल्या झाडाची पाने प्रत्येक बाजूला चार-पाच फूट पसरतात. येण्याजाण्याच्या वाटेपासून आणि विजेच्या तारांपासून तेवढे अंतर सोडावे. वाऱ्याने पाने फाटतात, त्याने झाडाचे काही बिघडत नाही, तेव्हा फाटलेली हिरवी पाने कापत बसू नये.

टप्पा ७ : पावसाळ्यातले खतपाणी

खत फक्त झाड वाढत असताना द्यावे. पहिला हप्ता पाऊस स्थिरावल्यावर, दुसरा जुलैच्या शेवटी, तिसरा ऑगस्ट संपता संपता. मोठ्या झाडाला प्रत्येक वेळी दोन-तीन किलो कुजलेले शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड पुरते, कुंडीतल्या रोपाला याच्या चौथाईइतके. खत बुंध्याला टेकवू नये, वीतभर लांब पसरावे. युरियाने पाने भराभर येतात खरी, पण खोड पोकळ-मऊ राहते आणि तेच पुढे कुजते. सप्टेंबरनंतर कोणतेही खत नको.

पिठ्या ढेकूण आणि मावा दिसल्यास निंबोळी तेलाची साबणाच्या पाण्यातली फवारणी करावी. बुंध्यावर भोक आणि त्यातून चिकट रस येत असेल, तर खोड किंवा कंद पोखरणारा सोंड्या भुंगा असण्याची शंका घ्यावी. जवळ केळी असतील तर हे विशेषकरून तपासावे.

टप्पा ८ : विश्रांती — सर्वाधिक झाडे इथेच जातात

ऑक्टोबरमध्ये परतीचा पाऊस संपला, की झाडाचा वेग मंदावतो. नवे पान येणे थांबते, खालची पाने पिवळी पडतात, मग वरची. हा आजार नाही. या वेळी पुढील क्रम पाळावा.

पहिली गोष्ट, पाणी हळूहळू तोडावे. ऑक्टोबरात आठवड्यातून दोनदा, नोव्हेंबरात आठवड्यातून एकदा, आणि पाने बहुतांश सुकल्यावर जमिनीतल्या झाडाला पाणी बंद. ड्रममधल्या झाडाला महिन्यातून एकदा कडेने तांब्याभर पाणी द्यावे, बुंध्यावर नाही. ज्या आवारात ठिबक किंवा लॉनचे तुषार चालू असतात तिथे चवेणीकडे जाणारी नळी बंद केली आहे ना, ते स्वतः जाऊन पाहावे. माळीदादांना एकदा सांगून भागत नाही. हिरवे नसलेले झाड दिसले, की हात आपोआप पाइपकडे जातो, तेव्हा झाडाजवळ पाटीच लावावी.

दुसरी गोष्ट, पाने घाईने छाटू नयेत. पान पूर्ण तपकिरी झाल्यावर पाते कापावे, देठाचा बुंध्याला वेढलेला भाग तसाच ठेवावा आणि तो सहज सुटेल तेव्हाच काढावा. ओढून काढलेल्या देठाच्या जखमेतून कूज आत शिरते.

तिसरी गोष्ट, कंद उपटून घरात ठेवू नये. थंड देशांत तसे करतात, कारण तिथे बर्फ पडते. आपल्या हिवाळ्यात त्याची काहीच गरज नाही. अवकाळी पावसाचा अंदाज असेल तर कुंडी छज्जाखाली सरकवावी किंवा बुंध्यावर पत्र्याचा तुकडा तिरपा ठेवावा. प्लास्टिक गुंडाळू नये, आत घाम धरतो.

पहिल्या वर्षाच्या रोपांना मात्र हा नियम जसाच्या तसा लावू नये. त्यांचा कंद इतका लहान असतो, की तो पूर्ण कोरड्यात सुकून जातो. त्यांना पहिला हिवाळा आणि उन्हाळा माती किंचित ओलसर राहील इतके पाणी द्यावे. पाने राहिली तर राहू द्यावीत, गेली तर जाऊ द्यावीत.

तपासणी : महिन्यातून एकदा बुंधा अंगठ्याने दाबावा. टणक लागला तर झाड जिवंत आहे, मग वर एकही पान नसले तरी चालेल. किंचित सुरकुतलेला पण टणक असेल तरी काळजी नको. अंगठा आत जात असेल, तपकिरी पाणी सुटत असेल किंवा आंबूस वास येत असेल, तर कूज सुरू झाली आहे.

कूज आढळल्यास त्याच दिवशी माती बाजूला करून कुजलेला भाग धारदार सुरीने पांढरा, घट्ट गर लागेपर्यंत खरवडावा, जखमेवर बोर्डो मलम (मोरचूद आणि चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावावे आणि ती उघडी, सावलीत सुकू द्यावी. कूज एका बाजूला असेल तर झाड वाचते. मधला कोंबच गेला असेल तर आशा ठेवू नये, कारण बाजूने येणारे पील तिथे नाही. इथिओपियात शेतकरी आफ्रिकी एन्सेटेच्या कंदाचा मधला कोंब काढून त्यातून अनेक पिले मुद्दाम फोडतात. ते ऐकून आपल्या एकुलत्या एक चवेणीवर सुरी चालवू नये.

मे महिन्यात, कधी वळवाच्या सरीनंतर, कधी त्याआधीच, टोकातून हिरवा कोंब डोकावतो. तो दिसल्यावरच पाणी सुरू करावे, तेही आठवड्यातून एकदा. ‘लवकर जागे करू’ म्हणून मार्चपासून पाइप सोडणे म्हणजे झोपलेल्या कंदाला भिजत ठेवणे आहे. जूनच्या मध्यापर्यंत कोंब आला नाही, पण बुंधा टणक आहे, तर आणखी महिनाभर थांबावे.

टप्पा ९ : फुलोरा, बी आणि शेवट

चवेणी आयुष्यात एकदाच फुलते. बियांपासून फुलापर्यंत पाच-सात वर्षे सहज लागतात. कुंडीत त्याहून अधिक लागतात आणि काही झाडे दशकही ओलांडतात. नवी पाने आधीच्यापेक्षा आखूड येऊ लागली, की फुलोरा जवळ आला असे समजावे. खाली झुकलेला जाड दांडा आणि त्यावर तपकिरी-लाल रंगाची मोठी छदे (फुलांना झाकणारी पानासारखी आवरणे) असे त्याचे रूप असते. रात्री वटवाघळे येतात, त्यांना हाकलू नये, परागीभवन त्यांच्याकडूनच होते.

फुलोऱ्याच्या वजनाने कुंडीतले झाड एका बाजूला कलते, म्हणून दोन बांबूंची कैची करून दांड्याला आधार द्यावा. केळीचा घड पोसण्यासाठी केळफूल कापतात तसे इथे कापू नये. फळे खाण्यासाठी नसतातच, ती बियांनी गच्च भरलेली असतात. घड पक्व होईपर्यंत पाने गळाली तरी झाड कापू नये; खोडातला साठा फळांकडे जात असतो. फळे पिवळी पडू लागली, की घडाला जाळीची पिशवी बांधावी, नाहीतर वटवाघळे आणि उदमांजरे आधी पोचतात.

घड उतरवल्यावर झाड सुकत जाते. खोड पाण्याने भरलेले आणि अवजड असते, म्हणून ते वरून फूट-फूटभर तुकडे करत उतरवावे आणि तुकडे कंपोस्टमध्ये घालावेत. त्याच खड्ड्यात लगेच नवे रोप लावू नये. जुना कंद काढून, माती पालटून तो एक उन्हाळा तापू द्यावा. बी त्याच मोसमात पेरावे किंवा वाटावे आणि प्रत्येक पुडीवर फळ फोडल्याचा महिना व वर्ष लिहावे.